जज व्हायचंय म्हणालीस म्हणून

प्रिय पोरी,

गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेता घेता तू म्हणालीस, "काका, मला इथं जज व्हायचंय." तेव्हा गर्दीत नीट बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे महाराष्ट्रात एमपीएससीची परीक्षा देऊन दिवाणी न्यायाधीश होता येतं. इथं टेक्सासात मात्र डिस्ट्रिक्ट जजला लोक चार वर्षांसाठी निवडून देतात, तेही पक्षाच्या नावावर. मार्चमध्ये प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, नोव्हेंबरमध्ये खरी लढत. पूर्वी चार वर्षांची वकिली पुरायची. २०२१ मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि आता आठ लागतात.

ही आठ वर्षं तू ज्युरीसमोर घालव. उलटतपासणी कर, हरून घरी ये, दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहा. आणि महिन्यातून एक सकाळ, स्वतःची केस नसताना, कुठल्या तरी कोर्टात मागच्या बाकावर बस. वकील परवडत नाही म्हणून एखादा माणूस स्वतःच उभा राहतो, हातातले कागद उलटेसुलटे झालेले असतात, घशाला कोरड पडलेली असते. त्या वेळी जज घड्याळाकडे बघतात की त्याच्याकडे, ते बघ. मी वकिली तिथेच शिकलो. क्लार्क आणि बेलिफ यांच्याशी कशी वागतेस, तेही सगळं कोर्ट बघत असतं.

आता निवडणुकीचं. २०१८ मध्ये हॅरिस काउंटीत, म्हणजे ह्यूस्टनच्या भागात, एका रिपब्लिकन जजसाठी मी प्रचाराला उभा होतो. केंद्रापासून शंभर फुटांच्या आत प्रचार चालत नाही, म्हणून त्या रेषेबाहेर, उन्हात. मतपत्रिका इतकी लांब की शेवटपर्यंत पोचणारे थोडेच. एकच खूण करून अख्ख्या पक्षाला मत द्यायची सोय तेव्हा होती. २०२० पासून ती गेली. त्या रात्री मतपत्रिकेत वरच्या मोठ्या पदांसाठी उठलेल्या डेमोक्रॅटिक लाटेत रिपब्लिकन जज ओळीनं पडले आणि माझे जजही गेले. त्यांचं काम उत्तम होतं. हरलीस तर तो तुझ्या निकालपत्रांवरचा निकाल समजू नकोस. जिंकलीस तरीही नाही.

पैशाचं मात्र मला मनापासून खुपतं. देणग्या देणारे बहुतेक वकीलच असतात, उद्या तुझ्यासमोर उभे राहणारे. १९९५ च्या कायद्यानं त्यावर मर्यादा घातली, तरी प्रश्न उरतोच. ज्याच्याविरुद्ध आदेश देताना तुझा हात अडखळेल, त्याचा चेक परत कर. पक्षाच्या सभांना जा, हात मिळव, मतं माग. पण कोणत्या खटल्यात काय करशील, असा शब्द कुणालाही देऊ नकोस, अगदी आपल्या मंडळातल्या माणसांनाही. तेच आधी विचारतील.

पुढच्या मंगळवारी माझी एक सुनावणी आहे. साडेआठला कोर्टाच्या पायऱ्यांवर ये. वही आण.

तुझा,
काका