टीडीएस कापला, २६एएसमध्ये दिसत नाही, वर कराची मागणी

मानधनातून १० टक्के टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापलेला कर) कापला, २६एएस (आपल्या पॅनवर जमा कराचा उतारा) कोरं, आणि बंगळूरच्या सीपीसीकडून, म्हणजे प्राप्तिकर खात्याच्या रिटर्न तपासणाऱ्या केंद्राकडून, मागणी, असं तुम्ही लिहिलंय. तुमची पोस्ट वाचताना वाटलं, हे मीच लिहिलंय की काय! रिटर्न, ई-व्हेरिफिकेशन तुम्हाला येतंच, ते सोडतो.

मी इथे इंदुरातच एका संस्थेत अधूनमधून शिकवायला जायचो. तिथल्या अकाउंटंटने तिमाहीचं २६क्यू (कुणाचा किती कर कापला त्याचं विवरणपत्र) भरताना यादीत माझ्या वर असलेल्या गृहस्थांचा पॅन माझ्याही ओळीत चिकटवला. गंमत बघा, पॅन खोटा असता तर सिस्टिमने पकडला असता. हा अस्सल होता, फक्त माझा नव्हता. मशीनला तेवढं पुरतं. माझा कर त्यांच्या नावे जमा आणि मागणी मला, व्याजासकट.

संस्थेचं उत्तर ठरलेलं: "सर, आम्ही तर भरलाय, पोर्टलचा प्रॉब्लेम असेल." आणि चलन (कर भरल्याची पावती) पुढे करायचे. अहो, पैसे भरले हे कोण नाकारतंय? चलनावर माझं नावच नसतं! कुणाचे किती, ते २६क्यूमध्ये. आणि दुरुस्ती फक्त कापणाराच करू शकतो. शेवटी त्यांच्या ऑडिटरला गाठलं, त्याने ती ओळ उघडून पाहिली तेव्हा कुठे गाडी हलली. तुम्हीही चलन मागू नका, 'माझी ओळ दाखवा' म्हणा.

मी सीए नाही, आणि पुढे सांगतो ती कलमं १९६१च्या प्राप्तिकर कायद्यातली. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू आहे, क्रमांक तपासून घ्या. पण माझ्या मते मागणी भरून मोकळं होऊ नये. कर कापला गेला असेल तर तेवढी वसुली तुमच्याकडून करता येत नाही (कलम २०५), आणि सीबीडीटीने (प्राप्तिकर खात्याच्या वरच्या मंडळाने) २०१५ व २०१६ मध्ये अधिकाऱ्यांना तसं लेखी कळवलंय. सीपीसी मात्र आकडे जुळवते, बाकी काही विचारत नाही. पोर्टलवर 'असहमत' नोंदवा, बँक स्टेटमेंट आणि मानधनाचं पत्र जोडा, एक प्रत तुमच्या वॉर्डाच्या अधिकाऱ्याला द्या. गप्प बसलात तर पुढचा रिफंड कलम २४५ खाली या मागणीत वळता होईल.

फेसलेसमुळे (अधिकाऱ्याला न भेटता ऑनलाइन कामामुळे) खेटे वाचले, रिफंडही झटपट येतात, कबूल. पण घोळ घालणारा निवांत आणि नोटीस भलत्यालाच, याला काय म्हणायचं?

हो, एक राहिलं. २६एएस सुधारलं की मागणी आपोआप जात नाही, कलम १५४ खाली रेक्टिफिकेशन (दुरुस्तीचा अर्ज) टाकावं लागतं. आणि जानेवारी-मार्चचं २६क्यू ३१ मेपर्यंत भरतात, तेव्हा जूनमध्ये २६एएस बघूनच रिटर्न भरा.