गुडघा बरा झालाय, पण पाय टाकवत नाही

"सर्जन म्हणतात फिट, फिजिओ म्हणतात फिट, मग मलाच का जमत नाही?" दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्या खेळाडूंनी विचारलाय की वाक्य निम्म्यावर असतानाच मला पुढचं कळतं. फुटबॉलवाले येतात, बॅडमिंटनवाले येतात आणि या भागात कबड्डीवाले तर येणारच. सगळ्यांची दुखापत एकच, एसीएल. नडगीचं हाड पुढे सरकू न देणारा, गुडघ्याच्या आतला अस्थिबंध.

प्रथमेश (नाव बदललंय) लालबागचा. कबड्डीतला चढाईपटू, एका कंपनीच्या संघात करारावर. शस्त्रक्रियेला दहा महिने झालेले. एका पायावर उडी मारायच्या चाचण्यांत दोन पायांतला फरक दहा टक्क्यांच्या आत. तरी सरावात डाव्या पायावर वळायची वेळ आली की गडी रिकाम्या हाती परत.

वडीलही सोबत आले होते. "मॅडम, विनेश फोगाटचं ऑपरेशन ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या मुंबईतच झालं. वर्षाच्या आत ऑलिम्पिकची फायनल गाठली तिनं! यालाच काय धाड भरलीय?" त्यांना मी बाहेर बसून चहा घ्यायला सांगितलं. दुसऱ्याचं यश चाबकासारखं वापरलं की पोरगं आणखी आक्रसतं, हे घरच्यांना पटवणं माझ्या कामातला सगळ्यात चिवट भाग.

प्रथमेशची हकीकत ठरलेली होती. कोपऱ्यातल्या बचावपटूनं घोटा धरला, ओढला, गुडघा गेला. दोन-तीन भेटींत मी ती ऐकून घेतली. मग म्हटलं, "ती चढाई सावकाश सांग. पाऊल पाऊल."

"बोनसचा गुण घ्यायला गेलो. वळलो. पडलो."

"आणि घोटा कधी धरला?"

"पडल्यावर."

"मग गुडघा कधी गेला?"

बराच वेळ तो फरशीकडे बघत राहिला. "वळतानाच. कुणी हातसुद्धा लावला नव्हता, मॅडम."

एसीएलच्या बहुतेक दुखापती अशाच होतात. पाय रोवून अचानक दिशा बदलताना, कुणाचा धक्का नसताना. पण 'आपोआप गेला' असं संघाला, वडिलांना सांगायचं कसं? म्हणून कोपरारक्षकावर ढकललेलं. त्याची भीती प्रतिस्पर्ध्याची नव्हतीच, स्वतःच्या पायावरचा विश्वास उडाला होता. हे कळेपर्यंत आम्ही भलत्याच भीतीशी झुंजत होतो. हा धागा कुठल्याच चाचणीत सापडला नसता, असं मला अजूनही वाटतं.

मी समुपदेशनातल्या विवेकनिष्ठ विचारसरणीची. भीती पळवून लावायच्या भानगडीत पडत नाही, तिच्या तळाशी काय गृहीत धरलंय ते तपासते. प्रथमेशनं धरलं होतं, 'पाय पुन्हा दगा देईल आणि मग मी संपलो.' पहिला भाग मी खोडला नाही. पुन्हा फाटण्याचा धोका असतो, आणि नऊ महिन्यांच्या आत उतरणाऱ्यांना तो जास्त असतो. वाद घातला तो 'मी संपलो'वर, आणि तो बरेच दिवस चालला. प्रशिक्षक प्रेमानं सांगतात, "विचारच करू नकोस." हा सल्ला निरुपयोगी आहे. विचार येणारच.

सोबतीला फिजिओशी बोलून हालचालींची चढती यादी केली. आधी मॅटवर एकट्यानं वळणं, मग एक पकडपटू, कुठून येणार हे आधी सांगून, मग न सांगता, आणि शेवटी पुरे सात जण नि बोनस. पुढची पायरी कधी? माझी खूण साधी आहे. चढाई झाल्यावर खेळाडू गुडघ्याबद्दल बोलतो की समोरच्याबद्दल? एका संध्याकाळी प्रथमेश आला तोच तणतणत, "तो उजवा कोपरा फार आधी निघतो हो, मला दिसलं होतं तरी फसलो!" गुडघ्याचा शब्द नाही. मी मनातल्या मनात टाळी वाजवली.

तो आता स्थानिक स्पर्धा खेळतो. करार वाढेल की नाही ठाऊक नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार, या शस्त्रक्रियेनंतर ८१ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या खेळात परतले, स्पर्धात्मक पातळीवर मात्र ५५ टक्केच. हा आकडा मी लपवत नाही. खेळाडूंना तो ऐकून उलट हायसं वाटतं, कारण अडलेले आपण एकटेच नाही हे कळतं.

घरच्यांनी 'कधी खेळणार?' हा प्रश्न काही महिने गिळावा. आणि समुपदेशनाला यायचं तर शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच या, व्यायाम सुरू असतानाच. निवड चाचणीच्या आदल्या आठवड्यात आलात तर माझ्या हातात फारसं काही उरत नाही.