आउटपुट, आउटकम, इम्पॅक्ट : तिन्हींना ‘परिणाम’च?

स्वयंसेवी संस्थेसाठी अहवालांची भाषांतरं करणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. परदेशी मदतीवरच्या प्रकल्पांच्या मूल्यमापनात आउटपुट, आउटकम, इम्पॅक्ट असे तीन शब्द येतात आणि मराठीत तिन्हींचा ‘परिणाम’ होऊन बसतो. मग काय लिहावं? ‘फलश्रुती’ चालेल का?

फलश्रुती आधी बाजूला काढू. हा शब्द स्तोत्राच्या शेवटचा. ‘विद्यार्थी लभते विद्यां धनार्थी लभते धनम्’ म्हणणारं गणपतिस्तोत्र सहा महिन्यांत फळ आणि वर्षभरात सिद्धी मिळेल असं सांगतं. लाभार्थी कोण, लाभ कोणता, मुदत किती, सगळं ठरलेलं! पण हे झालं आश्वासन. पदरात काय पडलं ते त्यात नाही. निधी मागायच्या प्रस्तावात हा शब्द अगदी शोभेल, मूल्यमापनात नको. (‘मूल्यमापन’ की ‘मूल्यांकन’? दोन्ही रूढ आहेत, एक धरा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.)

आता ते तीन शब्द. बांगलादेशात लोक तळ्यांचं दूषित पाणी पीत, म्हणून १९७० च्या दशकापासून युनिसेफच्या मदतीने गावोगाव हातपंपाच्या कूपनलिका बसवल्या गेल्या. किती पंप बसले, हे आउटपुट. त्याला काही जण ‘उत्पादन’ लिहितात, आणि वाचणाऱ्याला वाटतं पंपांचा कारखाना काढला. ‘झालेलं काम’ म्हणा, काही बिघडत नाही. लोक तळं सोडून पंपाचं पाणी पिऊ लागले, हे आउटकम. इथे ‘निष्पत्ती’ छान बसतो. ‘अध्ययन निष्पत्ती’मुळे (लर्निंग आउटकम) तो शिक्षकांच्या तरी तोंडात बसलेला आहे.

आणि इम्पॅक्ट? १९९३ मध्ये तिथल्या भूजलात आर्सेनिक हे विष सापडलं. पुढे सुमारे ५० लाख कूपनलिका तपासल्या, सुरक्षित पंपाच्या तोंडाला हिरवा रंग दिला आणि धोक्याच्या पंपाला लाल. जवळपास १४ लाख लाल निघाले. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या विकास साहाय्य समितीच्या व्याख्येत इम्पॅक्ट म्हणजे बरे-वाईट, योजलेले-न योजलेले सगळे दूरवरचे परिणाम. म्हणून हिंदीच्या वाटेने आलेला ‘प्रभाव’ मला खटकतो. प्रभाव पडतो तो वक्त्याचा, नाहीतर गुरूचा. आर्सेनिकने तळहातावर उठलेल्या गाठींना प्रभाव कसं म्हणायचं? ‘परिणाम’ शब्द इथेच राखून ठेवावा, हवं तर ‘दूरगामी परिणाम’. सुपरिणाम आणि दुष्परिणाम दोन्ही त्याच्याच घरचे.

एक न विचारलेली गोष्ट. भाषांतरात खरी फसगत होते ती ‘-मुळे’ या शब्दयोगी अव्ययाने. केनियातल्या सौरी गावापासून सुरू झालेल्या, आफ्रिकेतल्या खेड्यांची गरिबी हटवू पाहणाऱ्या मिलेनियम व्हिलेजेस प्रकल्पात गावांत मोबाइल वाढल्याचं यश मांडलं गेलं. मायकल क्लेमेन्स आणि गेब्रिएल डेमॉम्बिन्स या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये दाखवलं, की मोबाइल प्रकल्पाबाहेरच्या केनियातही तसेच वाढत होते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ! तेव्हा मूळ मजकुरात नुसता काळाचा क्रम असेल तिथे ‘प्रकल्पानंतर मोबाइल वाढले’ असंच लिहा. वाक्य गुळगुळीत करायच्या नादात त्याचं ‘प्रकल्पामुळे’ होऊ देऊ नका.