एमएसचं औषध आणि रव्याचा डबा

"ताई, एवढे पैसे घालतोय पण फरक तर काहीच नाही." मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर आणि मज्जारज्जूवर उलटते आणि मधूनमधून त्रासाचे अटॅक येतात. त्याच्या पेशंटकडून, त्यांच्या घरच्यांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की आज लिहूनच टाकते. ओळख पटेल असं सगळं बदललंय.

कळव्याहून एक जण यायची माझ्याकडे ठाण्यात, नौपाड्यात, काउन्सेलिंगला. तिशीची, डोळ्याचा एक अटॅक येऊन गेलेला, आठ महिने डायमिथाइल फ्युमरेट या एमएसच्या औषधाच्या कॅप्सूल चालू, दिवसाला दोन. पहिली तीन-चार सेशन नुसता हिशोब. वहीच आणायची, घराचा हप्ता, त्याखाली औषध, एमआरआय, मुलाची फी.

"पायाच्या मुंग्या होत्या तशाच आहेत. मग उपयोग काय?"
"नवीन अटॅक किती आले?"
"एकही नाही."
"ते वहीत कुठाय?"

गप्प बसली. गोम इथेच आहे. क्रोसिन घेतली की ताप उतरलेला दिसतो, पण हे औषध झालेलं नुकसान भरून काढत नाही, पुढचे अटॅक कमी करतं, आणि न आलेला अटॅक दिसणार कसा? तो औषधामुळेच आला नाही हे एका पेशंटवरून सांगताही येत नाही. त्यासाठी खूप पेशंट आणि खूप वर्षं लागतात. ब्रिटनमधे 2002 साली, सरकारी खर्चाने कुठली औषधं द्यावीत ते सुचवणाऱ्या नाइस या संस्थेने इंटरफेरॉन बीटा आणि ग्लॅटिरामर ही एमएसची औषधं किमतीच्या मानाने परवडत नाहीत म्हटलं, तेव्हा सरकारने कंपन्यांशी ठरवलं की फायदा कमी दिसला तर किंमत उतरवायची, आणि हजारो पेशंटवर दहा वर्षं लक्ष ठेवलं. आणि ही बिचारी आठ महिन्यांत निकाल लावायला बसलेली.

मी नवऱ्याला बोलावलं. आजार एकाला होतो पण पैशाची भीती अख्ख्या घरात असते, एकट्या पेशंटशी बोलून ती सुटत नाही, हे माझं कित्येक वर्षांचं मत आहे. त्या दिवशी ती खाली बघत म्हणाली, "दोन महिने मी सकाळचीच घेतेय. रात्रीच्या रव्याच्या डब्यात ठेवते."

तो म्हणाला, "माहितीये मला. तुला अजून त्रास नको म्हणून बोललो नाही."

मग बराच वेळ कोणीच बोललं नाही. मी पण नाही, आणि ते मला जमलं याचं आजही समाधान वाटतं. दोघं एकमेकांचे पैसे आणि मन वाचवत होते आणि डोस अर्धा झाला होता.

म्हणून कळकळीने सांगते, डोस स्वतःहून कमी करू नका, बंद तर नकोच, फिंगोलिमॉडसारखं एमएसचं औषध एकदम थांबवलं तर आजार जोरात उसळू शकतो. न्यूरोलॉजिस्टना सरळ सांगा, महिन्याला एवढंच जमेल. यात लाज कसली! जेनेरिक असतात, रिटुक्सिमॅब असतं, मूळचं कॅन्सरचं, साधारण सहा महिन्यांनी सलाइनमधून देतात, भारतीय कंपन्याही बनवतात, आणि 2023 मधे डब्ल्यूएचओने एमएससाठी ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. इन्फेक्शनचा धोका असतो त्यात, त्यामुळे कोणाला चालेल ते डॉक्टरच ठरवणार.

ही दोघं वही आणि डब्यातल्या कॅप्सूल दोन्ही घेऊन गेली. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी आधी एमआरआय लिहून दिला, कारण अर्ध्या डोसवर आत काय झालंय ते बघितल्याशिवाय हेच पूर्ण घ्यायचं की बदलायचं ते ठरणार नव्हतं.