रेफकाउंट वाढत जातो आणि एलएसओएफ गप्प: आधी ड्रायव्हरचं ओपन बघा

तुम्ही विचारलंय ते असं: लिनक्स मशीनवर डेटा घेणारं कार्ड, कंपनीनेच दिलेला ड्रायव्हर (कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, चढवायचं मॉड्यूल), सगळं सॉफ्टवेअर बंद करूनही आरएमएमॉड (मॉड्यूल उतरवणारी कमांड) म्हणतं 'मॉड्यूल इज इन यूज', एलएसमॉडमध्ये (चढलेल्या मॉड्यूल्सची यादी) रेफकाउंट, म्हणजे मॉड्यूल किती ठिकाणी वापरात आहे तो काउंट, ४१ आणि एलएसओएफमध्ये (उघड्या फाइलींची यादी) चिटपाखरू नाही. तुमचा प्रश्न वाचताना वाटलं, मरोळच्या आमच्या जुन्या ऑफिसातूनच कुणीतरी लिहिलंय. कार्ड वेगळं असेल, दुखणं तेच.

एलएसमॉड कसं वाचायचं ते तुम्हाला येतं, त्यात शिरत नाही. एवढंच बघून घ्या: एलएसओएफ रूट (सगळे अधिकार असलेला यूजर) होऊनच चालवलंत ना, आणि कंटेनरच्या (मशीनवरच्या वेगळ्या बंदिस्त कप्प्याच्या) बाहेरून? सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती फाइलींसारखी दाखवणारी जागा) तुमच्या मॉड्यूलचं होल्डर्स फोल्डर (त्यावर अवलंबून असलेली इतर मॉड्यूल्स) रिकामं आहे ना? डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदी) आधीचा एखादा ऊप्स (कर्नलमधल्या गंभीर चुकीचा संदेश) पडलेला नाही ना? ड्रायव्हरच्या आत असतानाच प्रोसेस मेली असेल तर तिने घेतलेला काउंट अडकून राहू शकतो, आणि मग रीबूटशिवाय सुटका नाही.

हे सगळं ठीक असेल तर एक चाचणी करा. सॉफ्टवेअर चालू ठेवा, म्हणजे डिव्हाइस एकाने उघडलेलं राहील. दुसऱ्या टर्मिनलवरून तेच डिव्हाइस कॅटने (फाइल वाचणारी साधी कमांड) उघडून बघा. 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' येईल. आता काउंट बघा. वाढून तिथेच बसला असेल तर तुमचं सॉफ्टवेअर निर्दोष आहे. (कार्ड एकाच वेळी अनेकांना उघडू देत असेल तर ही चाचणी लागू नाही. तेव्हा ओपन कुठल्या कारणाने नापास होऊ शकतं ते शोधून तसं मुद्दाम घडवा.)

आमच्याकडे हेच निघालं. ड्रायव्हरच्या ओपनमध्ये (डिव्हाइस उघडताना चालणारं फंक्शन) पहिल्याच ओळीला ट्राय-मॉड्यूल-गेट, म्हणजे काउंट एकने वाढवणं. मग 'आधीच कुणी उघडलंय का' ही तपासणी, उघडलेलं असेल तर ई-बिझी (तीच 'बिझी'ची चूक) देऊन बाहेर. त्या वाटेवर काउंट परत कमी करणारं मॉड्यूल-पुट नाहीच! आमची एक स्क्रिप्ट दर मिनिटाला डिव्हाइस उघडून बघायची, कार्ड जिवंत आहे का म्हणून. दर मिनिटाला एक काउंट गळायचा. आणि एलएसओएफमध्ये दिसणार काय? ओपन नापास झालं म्हणजे उघडी फाइल नाहीच.

मुळात ड्रायव्हरने ओपनमध्ये स्वतःचा काउंट स्वतः वाढवणं हेच चूक. सोसायटीत येणाऱ्याचं नाव वॉचमन गेटवर लिहितो. पाहुणा चौथ्या मजल्यावर पोचल्यावर स्वतः नोंद करणार असेल, तर मधल्या वेळात वहीच्या हिशेबाने तो इमारतीत नाहीच. कर्नलचंही तसंच. फंक्शनचा पॉइंटर (पत्ता) हातात घेतल्यापासून त्यातली काउंट वाढवणारी ओळ चालेपर्यंत जी फट राहते, तेवढ्यात दुसऱ्या सीपीयूवर मॉड्यूल उतरलं तर पाय ठेवायला जमीनच नाही. रिलीजमध्येही (डिव्हाइस बंद होताना चालणारं फंक्शन) तेच. मॉड्यूल-पुट झाल्यावरही फंक्शनमधून परतायच्या सूचना त्याच मॉड्यूलच्या मेमरीत असतात.

२.४ कर्नलच्या काळात ड्रायव्हरच्या आतूनच काउंट वाढवणारं मॉड-इंक-यूज-काउंट हे मॅक्रो सर्रास वापरायचे. २००२ मध्ये कर्नल डेव्हलपर रस्टी रसेल यांनी लिहिलेला नवा मॉड्यूल लोडर २.५.४८ मध्ये आला, आणि काउंट बाहेरच्याने, आत शिरण्याआधी घ्यायचा हा नियम पक्का झाला. कॅरेक्टर डिव्हाइससाठी (फाइलसारखं उघडून वाचायचं डिव्हाइस) फाइल-ऑपरेशन्समध्ये (ड्रायव्हरच्या फंक्शनांची यादी) ओनर म्हणून धिस-मॉड्यूल, म्हणजे हेच मॉड्यूल, भरलं की ओपनला हात लागण्याआधी कर्नल काउंट घेतो, आणि ओपन नापास झालं तर स्वतःच परत करतो. ओनर रिकामं ठेवलं तर कर्नल काहीच मोजत नाही, फाइल उघडी असतानाही आरएमएमॉड खुशाल चालतं आणि पुढच्या क्लोजला कर्नल कोसळतं. आमच्या ड्रायव्हरवाल्याने बहुतेक हेच अनुभवलं असणार आणि ओनर भरायचं सोडून जुन्या मॅक्रोच्या जागी नवी फंक्शनं चिकटवली. हा माझा अंदाज हं, तो कोड कुणी लिहिला ते मला माहीत नाही.

आता कार्ड विकणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट ऑफिसबद्दल. नाव घेत नाही. कार्ड विकताना रोज फोन, पैसे मिळाल्यावर फक्त तिकीट नंबर. काउंट वाढतो म्हटलं की उत्तर ठरलेलं: 'तुमचं ॲप्लिकेशन डिव्हाइस बंद करत नाही.' एलएसओएफचा आउटपुट पाठवला, तिकीट बंद. कॅटची चाचणी लिहून पाठवली, तर म्हणे 'अनसपोर्टेड यूसेज'. शेवटी एकाने फोनवर सांगितलं, आरएमएमॉडला मायनस एफ (जबरदस्तीने उतरवायचा पर्याय) लावा, सगळेच लावतात. आमचं मशीन अंबरनाथच्या कारखान्यात. मायनस एफने मॉड्यूल उतरलं, ॲप्लिकेशनचा एक थ्रेड अजून रीडमध्ये झोपलेला, तो जागा झाला आणि मशीन गोठलं. जुलै महिना, सेंट्रलच्या गाड्या ठप्प, आणि पॉवरचं बटण दाबायला माणूस पाठवायचा. वर त्यांचं म्हणणं, कर्नल 'टेंटेड' (डागाळलेलं) दिसतंय, आता सपोर्ट लागू नाही. अहो, तो 'आर' (मॉड्यूल जबरदस्तीने उतरवल्याचा डाग) तुमच्याच सल्ल्याने लागला!

म्हणून मायनस एफ वापरू नका. काहींच्या मते चाचणीच्या मशीनवर चालतं. माझ्या मते तिथेही नको, कारण नंतर दिसणारी प्रत्येक गडबड संशयास्पद होते. कर्नल बांधताना फोर्स-अनलोडचा पर्याय बंद असेल तर उत्तमच. जुन्या पुस्तकांत आरएमएमॉडचा 'थांबून उतरव' असाही पर्याय सापडेल. तो ३.१३ पासून कर्नलमध्येच नाही, आणि गळालेल्या काउंटसाठी थांबून काय मिळणार?

इलाज छोटा आहे. ओनर भरा, ओपन आणि रिलीजमधलं स्वतःचं गेट-पुट काढा, मॉड्यूल नव्याने बांधा. आम्हाला हे जमलं कारण रॅपरची (कंपनीचा बंद कोड कर्नलला जोडणाऱ्या भागाची) सी फाइल मोकळी होती. तुमचा ड्रायव्हर संपूर्ण बंद पेटीत असेल तर डिव्हाइस वारंवार उघडणारी गोष्ट शोधून बंद करा, गळती तरी थांबेल. आधी गळालेला काउंट मात्र रीबूटनेच जाईल.

पण काउंट शून्य म्हणजे सगळं सुरक्षित असं धरू नका. नेटवर्क कार्डाचे ड्रायव्हर इंटरफेस चालू असतानाही बहुधा शून्यच दाखवतात, त्यांची उतरण्याची रीत वेगळी. शिवाय टायमर, वर्कक्यू, आरसीयूचे कॉलबॅक (ड्रायव्हरने नंतर चालवायला सोपवलेली कामं) यांना हा काउंट ओळखतच नाही. त्यांच्यासाठी एक्झिटमध्ये (मॉड्यूल उतरताना चालणारं फंक्शन) ती संपेपर्यंत थांबावंच लागतं: कॅन्सल-वर्क-सिंक, आरसीयू-बॅरियर वगैरे. आमच्या त्याच ड्रायव्हरमध्ये टायमर न थांबवताच एक्झिट होतं, ते नंतर कळलं. तुमच्यातही बघा.

आणखी एक, विषयाशी थेट संबंध नाही तरी. मदरबोर्डवर सिरियल पोर्ट असेल तर लॅमिंग्टन रोडवरून नल मॉडेम केबल (दोन मशीनचे सिरियल पोर्ट थेट जोडणारी) आणा आणि कन्सोल, म्हणजे कर्नलचे संदेश, दुसऱ्या मशीनवर घ्या. मशीन गोठल्यावर डीमेसेज वाचायला मिळत नाही, सिरियलवर मात्र ऊप्सचा मजकूर बहुतेक वेळा पूर्ण येतो. यूएसबी अडॅप्टर ऐकणाऱ्या बाजूला चालेल, कोसळणाऱ्या मशीनवर पोर्ट अंगचाच हवा.

रॅपरची फाइल हाताशी असेल तर ओपन आणि एक्झिट ही दोन फंक्शनं दाखवा. कॅटच्या चाचणीआधीचा आणि नंतरचा काउंटही सोबत द्या.