निर्वासित, शरणार्थी की आश्रयार्थी? आणि 'पोसणं' या शब्दाबद्दल थोडं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुमचा भाऊ ब्रिटनमध्ये लेस्टरला असतो, परवा फोनवर तो म्हणाला की "इथे निर्वासितांना हॉटेलात ठेवलंय आणि सरकार आमच्या टॅक्सच्या पैशावर त्यांना पोसतंय, लोक जाम भडकलेत", त्यावरून तुमच्याकडे मुलुंडला घरात वाद झाला, बाबा म्हणाले ते निर्वासित नव्हेत शरणार्थी, वहिनी म्हणाल्या दोन्ही एकच, आणि तुम्ही विचारताय की 'असायलम सीकर'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं आणि 'रेफ्युजी'ला काय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. असायलम सीकर म्हणजे आश्रय मागणारा, लिहिताना 'आश्रयार्थी'. रेफ्युजी म्हणजे निर्वासित, तो शब्द मराठीत पक्का बसलेला आहे, तो बदलायची गरज नाही. पण भावाच्या वाक्यात खरी गडबड दुसऱ्याच शब्दाने केलीय, त्याच्याकडे नंतर येतो.

आधी फरक. असायलम सीकर म्हणजे ज्याने "मला माझ्या देशात धोका आहे, मला इथे राहू द्या" असा अर्ज केलाय पण त्याचा निकाल अजून लागलेला नाही असा माणूस. निकाल बाजूने लागला की कायद्याच्या भाषेत तो रेफ्युजी, विरोधात लागला की अपील नाहीतर परत जाणं. मुंबईकराला हे समजायला अजिबात अवघड नाही कारण आपल्याकडे झोपडपट्टी पुनर्वसनात हेच असतं, सर्व्हे झाला, वीजबिलं मतदारयादी सगळे पुरावे देऊन झाले, परिशिष्ट-२ (म्हणजे पात्र-अपात्रांची यादी) लागायचंय, तोवर माणूस पात्रही नाही आणि अपात्रही नाही, आणि अशा माणसाला कोणी 'फुकटचं घर मिळालेला' म्हटलं तर आपण लगेच सांगू की अहो अजून काहीच मिळालं नाहीये त्याला. 'अर्जदार' हा आपल्या रोजच्या वापरातला शब्द आहे, म्हाडाच्या लॉटरीपासून शाळेच्या ॲडमिशनपर्यंत, आणि असायलम सीकर म्हणजे मुळात अर्जदारच.

आता निर्वासित या शब्दाची घडण बघा. निर् म्हणजे बाहेर, वास म्हणजे राहणं, आणि शेवटचा 'त' सांगतो की हे त्याच्या बाबतीत केलं गेलंय, म्हणजे निर्वासित हा कोणीतरी घराबाहेर काढलेला माणूस. संस्कृतात निर्वासन म्हणजे हद्दपारी. हिंदीत अजूनही निर्वासितचा मुख्य अर्थ तोच आहे, आणि तिबेटच्या सरकारला आपण मराठीतही 'निर्वासित सरकार' म्हणतो तिथे हा जुना अर्थ टिकून राहिलाय. म्हणजे हा शब्द बोलतो तो मागच्या गावाबद्दल, तिथून याला काढलं. पुढच्या देशात त्याचं काय झालं, अर्ज मंजूर झाला की नाही, याबद्दल शब्द गप्प आहे. म्हणून तुमच्या वहिनी अगदीच चूक नाहीत. संयुक्त राष्ट्रांचा १९५१ चा निर्वासितांबद्दलचा करार आहे (भारताने त्यावर सही केलेली नाही), त्याच्या विचारानुसारसुद्धा सरकारने मान्यता दिली म्हणून माणूस निर्वासित होत नाही, तो आधीच निर्वासित असतो म्हणून मान्यता मिळते. पण ज्याचा अर्ज शेवटी फेटाळला जाणार आहे तोही आज त्याच रांगेत, त्याच हॉटेलात असतो, म्हणून सगळ्या रांगेला एक शब्द हवा असेल तर 'आश्रय मागणारे' हाच प्रामाणिक शब्द, त्यात आपण निकाल आधीच देऊन टाकत नाही, ना बाजूने ना विरोधात.

बाबांचा 'शरणार्थी' हा शब्द मला फार इंटरेस्टिंग वाटतो. विद्यार्थी म्हणजे विद्या मागणारा, परीक्षार्थी म्हणजे परीक्षेला बसू पाहणारा, तसा शरणार्थी म्हणजे शरण, आसरा, मागणारा. म्हणजे घडणीने बघितलं तर असायलम सीकरचं अक्षरशः भाषांतर शरणार्थी हेच आहे! पण हिंदीत तो रेफ्युजीसाठी रुळला, आणि मराठीत त्याची अडचण वेगळी आहे. आपल्याकडे शरण म्हटलं की एकतर विठोबाला शरण, नाहीतर शत्रूला शरण. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात पाकिस्तानी सैन्य शरण आलं, पोलिसांना गुन्हेगार शरण येतो, शरणागती म्हणजे हार मानणं. आसरा हा अर्थ मराठीत शरणमध्ये आहे पण मागे पडलेला आहे, म्हणून शरणार्थी ऐकलं की मराठी कानाला तो माणूस हात वर करून आलेला वाटतो. माझा अंदाज, मराठीने निर्वासित पसंत केला त्याचं एक कारण हे असावं. हल्ली शरणार्थी वाढलाय तो हिंदी चॅनलमुळे, आणि २०१९ च्या नागरिकत्व सुधारणा कायद्याच्या वेळी 'शरणार्थी विरुद्ध घुसखोर' अशी जोडीच प्रचारात फिरत होती त्यामुळे. त्या जोडीने एक नुकसान केलं, 'अर्ज केलाय, तपासायचा आहे' ही मधली जागाच शब्दांतून गेली. आल्याक्षणी माणूस एकतर चांगला नाहीतर वाईट.

हिंदी आणि मराठीतला हा फरक दाखवणारी एक सुंदर वस्तू आहे, जुनी तिकिटं जमवणारे कोणी ओळखीचे असतील तर बघायला मागा. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून जवळजवळ एक कोटी माणसं भारतात आली, आणि त्या खर्चासाठी सरकारने १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचा जादा कर लावला. स्वतंत्र तिकीट छापून तयार नव्हतं म्हणून सुरुवातीला कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावरच शिक्का मारून वापरलं, मग वेगळं तिकीट आलं. त्यावर हिंदीत 'शरणार्थी सहायता' आणि माझी आजी ते तिकीट चिकटवताना म्हणायची "निर्वासितांचं तिकीट लावलं का". गिरगावातल्या चाळीतून कोकणात जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर ते पाच पैसे होते. सरकारी खर्चाबद्दल लोकांना काय वाटतं याचा विचार करताना मला नेहमी ते तिकीट आठवतं कारण तिथे खर्च लपवलेला नव्हता, कोणासाठी आहे ते तिकिटावरच छापलेलं होतं आणि प्रत्येकाला आपले पाच पैसे दिसत होते.

निर्वासित हा शब्द मुंबईत सरळ निरुपद्रवी आहे असंही नाही. फाळणीनंतर सिंधी आणि पंजाबी लोक आले, कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत त्यांना ठेवलं, त्याचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं, चेंबूर कॅम्प, सायन कोळीवाडा, तुमच्या मुलुंडची कॉलनी, सगळं त्याच वेळचं. उल्हासनगरचे पत्ते अजून 'कॅम्प नंबर चार' 'कॅम्प नंबर पाच' असेच सांगतात. आमच्या घरी लग्नाचं कापड घ्यायला "निर्वासितांच्या मार्केटात" जायचे, कोणाच्या मनात वाईट काही नव्हतं, पण मी कॉलेजात असताना तिथल्या एका वयस्कर दुकानदारासमोर तो शब्द बोलून गेलो आणि ते शांतपणे म्हणाले, बेटा, आम्ही तीस वर्षं दुकानाचं भाडं भरतोय, आम्ही निर्वासित कधीपर्यंत? मला तेव्हा उत्तर देता आलं नाही आणि ती लाज अजून आठवते. त्या पिढीतल्या अनेकांनी शरणार्थी नको म्हणून स्वतःला 'पुरुषार्थी' म्हणवून घेतलं होतं, तोच '-अर्थी' ऐकायला येतो पण मागणं गेलं आणि कर्तृत्व आलं. कायद्यात मात्र त्यांच्यासाठी शब्द होता विस्थापित, १९५४ चा नुकसानभरपाईचा कायदा विस्थापित व्यक्तींच्या नावाने आहे. आणि विस्थापित, प्रकल्पग्रस्त, धरणग्रस्त हे शब्द नीट बघा, त्यात हक्क आहे. नवी मुंबईतल्या गावकऱ्याकडे प्रकल्पग्रस्ताचा दाखला असतो आणि त्यावर तो गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के जमीन मागतो, त्याला कोणी 'पोसतंय' असं म्हणत नाही. एखाद्याला काय म्हणायचं हे ठरलं की त्याला काय देणं लागतो हे अर्धं ठरून जातं.

इथे येतो भावाचा तो दुसरा शब्द. पोसणं. मूळ पोषण, छान शब्द, शेतकऱ्याला आपण जगाचा पोशिंदा म्हणतो तेव्हा त्यात केवढा मान आहे. पण ज्याला पोसलं जातं त्याच्याकडे बघा, पोसलेली मांजर, पोसलेले गुंड, "तुला काय आयुष्यभर पोसायचं का". देणाऱ्याला हा शब्द मोठं करतो आणि घेणाऱ्याला लहान. खैरातचं तसंच, मूळ अरबी शब्द पुण्यकर्मांचा, आता मतांसाठी वाटलेला पैसा. सरकार लोकलच्या पासात जे सोडतं ती 'सवलत', गॅसला देतं ती 'सबसिडी', रस्त्यावर घालतं तो 'प्रकल्प', बेस्टच्या बसला घालतं तो मात्र 'तोटा', आणि परक्या माणसाच्या जेवणावर घातलं की 'पोसणं'. सगळा पैसा एकाच तिजोरीतला.

हे माझं नुसतं भाषेचं वेड नाहीये. अमेरिकेत जनरल सोशल सर्व्हे म्हणून दशकानुदशकं चालणारी पाहणी आहे, त्यात १९८० च्या दशकात एक प्रयोग केला, काही लोकांना विचारलं 'वेलफेअर'वर (म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी मदतीवरच) सरकार कमी खर्च करतंय का, आणि काहींना विचारलं 'गरिबांना मदत' यावर कमी खर्च करतंय का. दुसऱ्या गटात हो म्हणणारे पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त, सुमारे ३९ टक्क्यांचा फरक, फक्त शब्द बदलून. म्हणून "लोकांचं मत असं आहे" असं कोणी सांगितलं की मी आधी विचारतो, प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला होता. ऑस्ट्रेलियात २०१३ मध्ये तर मंत्र्यांनी खात्यालाच सांगितलं की बोटीतून येणाऱ्यांना 'बेकायदा' म्हणा. जर्मनीत २०१५ चा वर्षाचा शब्द निर्वासित हाच होता, आणि त्यांच्या त्या शब्दाला मागे जो प्रत्यय लागतो तो कमीपणा आणणारा आहे म्हणून 'पळून आलेले' असा साधा शब्द वापरावा का यावर तिथे खूप चर्चा झाली. शब्दांवर वाद घालणारे आपणच नाही.

भावाचा राग खोटा आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. ब्रिटनमध्ये २०२३-२४ ला आश्रय मागणाऱ्यांच्या सोयीवर सुमारे ४.७ अब्ज पौंड गेले, त्यातले ३ अब्जांहून जास्त हॉटेलांवर, आणि करदात्याने त्याबद्दल विचारायलाच पाहिजे. पण पैसा जातो कुठे बघा. अर्ज तुंबले, राहायच्या जागा कमी, म्हणून हॉटेलं, आणि ते पैसे जातात कंत्राटदार कंपन्यांना आणि हॉटेलवाल्यांना. २०२४ मध्ये माणसाच्या हातात स्वतः स्वयंपाक करून राहत असेल तर आठवड्याला ४९ पौंड १८ पेन्स यायचे, हॉटेलात जेवण मिळत असेल तर १० पौंडांच्या आत. आणि काम करून स्वतःचं पोट भरायचं म्हटलं तर साधारणपणे वर्षभर अर्ज रखडल्याशिवाय परवानगीच मागता येत नाही, मिळाली तरी ठरावीक यादीतलीच कामं. ज्याला कामच करू देत नाही त्याला पोसतोय म्हणणं मला पटत नाही. आश्रय मागणाऱ्यांना आफ्रिकेतल्या रवांडाला पाठवायची योजना २०२२ मध्ये आली, तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये बेकायदा ठरवली, पुढच्या वर्षी नव्या सरकारने बंद केली आणि ७० कोटी पौंड गेले असं संसदेत सांगितलं, त्यात स्वखुशीने गेलेली माणसं चार. या खर्चाला मात्र 'पोसणं' कोणी म्हटलं नाही, ते 'धोरण'. शिवाय अजून एक, देशात आलेल्या निर्वासितांवर पहिल्या वर्षी होणारा खर्च श्रीमंत देशांना 'परदेशी मदत' या खात्यात दाखवता येतो, ब्रिटनने २०२३ मध्ये मदतीच्या एकूण पैशांतला २८ टक्के असाच आपल्याच देशात खर्च केला. मदत 'परदेशी' आणि पैसा गेला ब्रिटनमधल्याच हॉटेलला, इथे शब्द आणि वस्तू यांची फारकतच झाली.

तर भावाचं वाक्य मी असं लिहीन, "आश्रय मागणाऱ्यांचे अर्ज सरकार वेळेत निकाली काढत नाही आणि तोवर त्यांना हॉटेलात ठेवण्यावर आमच्या टॅक्सचे अब्जावधी पौंड खर्च होतायत." यात राग तेवढाच आहे, फक्त तो आता सरकारच्या टेबलावर पडलेल्या फायलींकडे वळलाय. त्याला हे पटलं नाही तरी हरकत नाही, पण बोलून बघा.

'आश्रयार्थी'बद्दल काहींना वाटेल की हा बनवलेला शब्द आहे. मला नाही वाटत तसं. 'राजकीय आश्रय' हा शब्दप्रयोग मराठीत कधीचा आहे, दलाई लामा १९५९ मध्ये आले तेव्हा त्यांना भारताने राजकीय आश्रय दिला असंच आपण म्हणतो, मग जो आश्रय मागतो तो आश्रयार्थी हे ओघानेच आलं. 'आश्रयेच्छुक' असंही मी वाचलंय पण ते तोंडात बसत नाही, आणि इच्छुक म्हटलं की मुंबईकराला महापालिकेच्या तिकिटासाठी रांग लावणारेच आठवतात. अर्ज मंजूर झालेल्याला काही जण 'आश्रित' सुचवतात, घडणीने बरोबर आहे, आश्रय मिळालेला, पण आश्रितला दुसऱ्याच्या घरात तुकड्यावर राहणाऱ्याचा वास येतो, म्हणून मी तो वापरणार नाही. चालवताना आश्रयार्थी विद्यार्थीसारखाच चालतो, एक आश्रयार्थी, दहा आश्रयार्थी, आश्रयार्थ्यांना, आश्रयार्थ्यांचे अर्ज. बाईसाठी आश्रयार्थिनी. आणि बोलताना सरळ 'आश्रय मागणारे' म्हणा, आजीलाही कळतं.