पगार दादाच्या खात्यात वळवू का?

वाचक महिलेचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३४, निदान बायपोलर प्रकार १ (मन कधी टोकाच्या उत्साहात, कधी नैराश्यात जाण्याचा आजार), गेले आठ महिने औषधं नियमित आणि प्रकृती स्थिर. त्याआधीच्या मॅनियात, म्हणजे आजाराच्या अतिउत्साही टप्प्यात, नऊ दिवसांत तीन कॅमेरे, दोन ऑनलाइन कोर्स आणि स्टुडिओच्या जागेची अनामत, सगळं क्रेडिट कार्डावर. मोठा भाऊ म्हणतो, 'पगार माझ्या खात्यात येऊ दे, मी दर आठवड्याला खर्चाला देत जाईन.' कॅमेरेही तिन्ही विकून टाक, असा त्याचा आग्रह आहे. दुसरीकडे, साठवलेला आपत्कालीन निधी मोडून कार्ड एका फटक्यात फेडावं असं या महिलेच्या मनात आहे.

आधी निधीचं बघू, कारण ते आकड्यांनी सुटतं. तुमचा हातात येणारा मासिक पगार १०० धरला आहे. त्या हिशेबात कार्डाची थकबाकी २४०, निधी २६० आणि महिन्याचा अत्यावश्यक खर्च ५५. कार्डाचं व्याज तुमच्या स्टेटमेंटप्रमाणे महिना ३ टक्के, म्हणजे आज दरमहा ७ भाग नुसत्या व्याजात जातात. अशा व्याजापुढे निधी तसाच पडू देणं परवडत नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण सगळं फेडलंत तर हातात उरतात २० भाग. तेवढ्यात ११ दिवस निघतील. बायपोलरमध्ये आजार उलटला की बिनपगारी रजा, वाढलेल्या तपासण्या, कदाचित रुग्णालय, हे सगळं एकदम येतं. त्या वेळी निधी नसेल तर खर्च परत त्याच कार्डावर चढेल.

म्हणून तीन महिन्यांचा अत्यावश्यक खर्च, म्हणजे १६५, बाजूला ठेवा आणि ९५ आज कार्डात भरा. उरलेले १४५ दरमहा २५ प्रमाणे फेडलेत तर सातव्या महिन्यात कार्ड कोरं होतं आणि एकूण व्याज सुमारे १७ भाग जातं. निधी हाताशी ठेवण्याची ही किंमत आहे. ती मोजावी असं माझं मत आहे. कमी व्याजाचं ठरावीक हप्त्याचं कर्ज मिळत असेल तर ही किंमत आणखी उतरेल. मात्र ती रक्कम बँकेने थेट कार्डाच्या खात्यात भरावी, तुमच्या हातात येऊ नये.

आता यातली खरी मेख. कार्डात पैसे भरले की तेवढंच लिमिट पुन्हा मोकळं होतं. तुम्हाला वाटतं कर्ज फिटलं, पण पुढच्या मॅनियाच्या दृष्टीने तुम्ही रिकामी तिजोरी पुन्हा भरून ठेवलेली असते. त्यामुळे ज्या दिवशी ९५ भराल, त्याच दिवशी लिमिट तेवढ्याने उतरवण्याचा अर्ज द्या. पुढच्या प्रत्येक हप्त्यानंतरही लिमिट खाली आणत जा. शेवटी एकच कार्ड ठेवायचं, १५ भागांच्या लिमिटचं. लिमिट आपोआप वाढवण्याची संमती काढून घ्या. नियमित फेड दिसली की बँका स्वतःहून 'तुमचं लिमिट वाढलं' असं कळवतात, आणि असा निरोप नेमका चुकीच्या आठवड्यात येऊ शकतो.

आता दादाचा प्रस्ताव. त्यामागची काळजी खरी आहे, पण रचना कच्ची आहे. त्याच्या खात्यात गेलेला पैसा कागदोपत्री त्याचा. त्याला काही झालं, त्याच्यावर वसुली आली किंवा त्याच्या घरात वाद झाला, तर त्यातला तुमचा वाटा सिद्ध करत बसावं लागेल. शिवाय ही व्यवस्था एका फॉर्मवर उभी आहे. पगार कोणत्या खात्यात जमा व्हावा हे तुम्ही कार्यालयात कधीही बदलू शकता, आणि मॅनियात भावाशी खटका उडाला तर पहिलं काम तेच होईल. सगळं काढून घेतलं की माणूस लपवायला लागतो, हा तिसरा धोका. गुपचूप घेतलेलं नवं कार्ड किंवा मोबाइलवरचं झटपट कर्ज दादाला वसुलीचे फोन सुरू झाल्यावरच कळेल.

पैशाची मालकी तुमच्याकडेच राहू द्या आणि पैशाचा वेग कमी करा. पगार तुमच्याच खात्यात यावा. फक्त त्या खात्याचं डेबिट कार्ड घेऊ नका आणि त्याचं अ‍ॅप फोनवर ठेवू नका. पगाराच्या दुसऱ्या दिवशी स्थायी सूचनेने १०० ची वाटणी आपोआप व्हावी: ३७ बिलांच्या खात्यात, तिथून भाडं, वीज, विमा आणि औषधं परस्पर जातील, २५ कार्डाला, १२ राखीव खात्यात, उरलेले २६ रोजच्या खर्चाला. हे २६ महिन्याचे एकदम सोडायचे नाहीत, दर सोमवारी ६ सोडायचे. म्हणजे सर्वात वाईट आठवड्यातही खिशातून जाऊन जाऊन ६ जातील. निधीचे १६५ अशा ठेवीत ठेवा, जी मोडायला दोघांच्या सह्या लागतात आणि एखादा दिवस मोडतो.

रोजच्या २६ पैकी ८ भाग बिनहिशेबी आहेत. त्यांचं काय केलंत हे दादाने विचारायचं नाही. याला चैन समजू नका. प्रत्येक खरेदीकडे आजाराचं लक्षण म्हणून बघितलं जाऊ लागलं की तुम्ही आनंदात आहात हे सांगायलाही घाबराल, आणि मग खरी सुरुवात कुणाच्याच लक्षात येणार नाही.

दादाला खातं नुसतं पाहण्याचा अधिकार द्या आणि व्यवहाराचे संदेश त्याच्याही फोनवर जाऊ द्या. पण त्याने कशावर लक्ष ठेवायचं हे आत्ताच ठरवा. रक्कम हे एकटं लक्षण फसवं असतं. सुरुवात बहुतेकदा लहान रकमांनीच होते. रात्री १२ ते ५ मधली खरेदी, ४८ तासांत पाचपेक्षा जास्त नव्या ठिकाणी पैसे जाणं, कुठलाही नवा कर्जअर्ज, आणि यांच्या जोडीला सलग दोन रात्री झोप कमी होऊनही थकवा नसणं. यातलं एक दिसलं तर त्याने फोन करावा. दोन दिसली तर कुलूप. फक्त खरेदीच बघून चालणार नाही. भेटवस्तू, देणग्या, ओळखीच्यांना उसने, कुणाला जामीन राहणं, सट्टा, नव्या धंद्याची अनामत, तडकाफडकी राजीनामा, ही सगळी त्याच कुळातली आहेत.

कुलूप म्हणजे कार्ड तात्पुरतं बंद, ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद, आणि सोमवारचे ६ एकदम न देता रोज एक. कुलूप लावायला तुमच्या दोघांपैकी एकाचा शब्द पुरे. काढायला मात्र १४ दिवस, दोघांची संमती आणि मध्ये डॉक्टरांची एक भेट. हा फरक मुद्दाम ठेवला आहे. मॅनियात माणूस अडखळत बोलत नाही, उलट वकिलासारखा बोलतो. म्हणून आज, स्थिर असताना, स्वतःच्या हाताने एका कागदावर लिहून ठेवा: 'मी म्हणेन की या वेळी वेगळं आहे. मी म्हणेन की ही संधी उद्या राहणार नाही. मी म्हणेन की दादाला माझं बरं बघवत नाही. तरीही कुलूप काढू नये.' खाली तारीख आणि दोघांच्या सह्या. त्या नऊ दिवसांत तुम्ही खरोखर जी वाक्यं बोललात, तीच लिहा. मोघम लिहिलेल्या कागदाला तुम्हीच मोडीत काढाल. एक प्रत तुमच्या डॉक्टरांकडे द्या. याला कायद्याचं बळ नाही. मुखत्यारपत्र करावंसं वाटलं तर मर्यादित अधिकारांचं करा, वकिलाकडूनच करा, आणि सुस्थितीत दिलेलं मुखत्यारपत्र सहसा रद्दही करता येतं हे धरून चला.

'मोठी खरेदी एक रात्र थांबून करावी' हा नेहमीचा सल्ला तुमच्या कामाचा नाही. निदानाच्या निकषांप्रमाणे हायपोमॅनिया (मॅनियाचं सौम्य रूप) किमान ४ दिवस आणि मॅनिया किमान ७ दिवस टिकतो; प्रत्यक्षात तो बऱ्याचदा कित्येक आठवडे चालतो. एक रात्र थांबलात तर सकाळी तीच कल्पना दुप्पट मोठी झालेली असेल, आणि रात्रभर तुम्ही जाग्याच असाल. ३ भागांपुढच्या कुठल्याही वस्तूला आठवडाभराची थांब ठेवा. ३० भागांपुढे काहीही असेल, तर ३० दिवस आणि त्या दरम्यान डॉक्टरांची एक नियमित भेट.

फोनचं काम एका बैठकीत उरकतं: दुकानांच्या अ‍ॅपमध्ये जपून ठेवलेली कार्डं पुसा, एका टिचकीत पैसे भरण्याची सोय बंद करा, 'आत्ता घ्या, नंतर भरा' प्रकारची खाती मिटवा, जाहिरातींचे संदेश थांबवा. तुमच्याकडे पतनोंद गोठवण्याची सोय असेल तर तीही वापरा, म्हणजे तुमच्या नावावर नवं कर्ज सहज निघणार नाही.

उताराची बाजू पत्रात आली नाही, पण नैराश्यात पैसा वेगळ्या वाटेने जातो. लिफाफे उघडले जात नाहीत, विम्याचा हप्ता राहतो, दाव्याची मुदत टळते, विलंब शुल्क चढत जातं. बिलांचं खातं परस्पर चालतं ठेवण्यामागे निम्मं कारण हेच आहे. उपचाराच्या खर्चाला कात्री लावू नका. लिथियम हे औषध चालू असेल तर रक्तातली पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांच्या तपासण्या ठरावीक काळाने लागतातच. त्यांचा वार्षिक खर्च बाराने भागून ३७ मध्ये धरा.

औषधांबद्दल एक गोष्ट पैशाच्या सल्लागारानेही सांगायला हवी. बायपोलरमध्ये दिल्या जाणाऱ्या अ‍ॅरिपिप्राझोल या औषधाने काही रुग्णांत खरेदी, जुगार, खाणं यांची अनावर ओढ निर्माण होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने २०१६ मध्ये दिला आहे. असं होणं विरळ आहे, पण मन स्थिर असताना नुसता खर्चच वाढलेला दिसला तर डॉक्टरांना सांगा. औषध स्वतःहून बंद करू नका.

स्टुडिओच्या जागामालकाला आणि कोर्सवाल्यांना लेखी विनंती करा: आजाराच्या काळात झालेला व्यवहार, डॉक्टरांचं पत्र सोबत, पूर्ण नाही तर अर्धी रक्कम परत करावी. मिळेलच असं नाही, पण फोनवर बोलण्यापेक्षा कागदाला उत्तर येण्याची शक्यता जास्त. हे सगळं तीन महिने चालवून बघा आणि आढाव्याची तारीख आजच ठरवा. दादा प्रवासात किंवा आजारी असेल तेव्हा कोण, हेही नाव त्याच कागदावर हवं.

राहिले कॅमेरे. दोन न फोडलेल्या खोक्यात आहेत असं तुम्ही लिहिता. ते या आठवड्यात विका, त्यांची किंमत महिन्यागणिक उतरते. विक्री दादाला करू द्या. त्याने रक्कम तुमच्या खात्यात न आणता थेट कार्डात भरावी आणि त्याच दिवशी तुम्ही लिमिट तेवढ्याने उतरवा. तिसरा तुम्ही वापरताय आणि फोटोंची आवड निदानाच्या आधीपासूनची आहे. तो ठेवा. नवी लेन्स हवीशी वाटली तर ती त्या बिनहिशेबी ८ भागांतून, साठवून.